केंद्र निवडताना आधी आईंची पाठ बघा, मग खोली

तुमची पोस्ट वाचली. आई ७४ वर्षांच्या, स्ट्रोकमुळे उजवी बाजू गेलेली, नाकात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न देण्याची नळी), लघवीची नळी, आणि चार दिवसांत डिस्चार्ज. तुम्ही कोथरूडला राहता, आईंना ठेवण्यासाठी वारजे, बाणेर आणि वाघोली अशी तीन शुश्रूषा-रिहॅब सेंटर बघून आलात, कुठलं निवडू असं विचारलंत, तिन्ही "छान" वाटली. शेवटी लिहिलंय की हॉस्पिटलच्या डिस्चार्ज डेस्कने सांगितलं, "शिफ्टिंगचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सेंटर कळवा." आमच्या घरी सगळ्यात महाग पडलं ते हेच वाक्य, म्हणून एवढं लांब लिहितेय.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. औषधं आणि फीडचं (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाचं) प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. घरच्या माणसाने काय बघायचं आणि कुठे अडून बसायचं, एवढंच इथे सांगते. भाडं, भेटीच्या वेळा, डिपॉझिट हे तुम्ही विचारलंच असेल, ते सोडून देते.

सेंटरच्या आधी डिस्चार्जच्या दिवसाचं बघा. बेडसोअरबद्दल, म्हणजे पडून राहून दाबामुळे होणाऱ्या जखमेबद्दल, एक गोष्ट कुठलाही डेस्क आपणहून सांगत नाही. हाडाजवळचं मांस आतून दबून खराब झालं, तर ते कातडीवर दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. हॉस्पिटलमध्ये दबलेली जागा सेंटरमध्ये गेल्यावर काळी-जांभळी पडते. मग सेंटर म्हणतं, जखम घेऊनच आल्या होत्या. हॉस्पिटल म्हणतं, इथून निघाल्या तेव्हा काही नव्हतं. डिस्चार्ज समरीत (घरी सोडताना हॉस्पिटल देतं त्या कागदात) कातडीबद्दल एक ओळही नसते, त्यामुळे दोघांनाही कोणी खोटं पाडू शकत नाही. आम्ही आमच्या हॉस्पिटलच्या डेस्ककडे नर्सिंगच्या नोंदी मागितल्या, तेव्हा "समरी दिली आहे, बाकीचे कागद देत नाही" असं उत्तर आलं. हे उत्तर चूक आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं, तर ७२ तासांत द्यावं लागतं. पण तोंडी मागण्याला तिथे काही किंमत नाही. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि हे आई वॉर्डात असतानाच करा. एकदा तुम्ही गेटबाहेर पडलात की त्या खिडकीवरची सगळी नम्रता संपते.

मी याचा एवढा धोशा लावतेय, कारण भरपाई कोण देणार हा यातला छोटा भाग आहे. माकडहाडाच्या वर जखम झालेल्या माणसाला खुर्चीत जास्त वेळ बसवता येत नाही. बसणं नाही म्हणून उभं करणं नाही, उभं करणं नाही म्हणून चालण्याची फिजिओ नाही. स्ट्रोकनंतर सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. तेच महिने ड्रेसिंगमध्ये जातात.

तर डिस्चार्जच्या सकाळी सिस्टरना सांगून आईंना कुशीवर घ्या आणि स्वतः बघा. माकडहाडाच्या वरची जागा, दोन्ही टाचा, खुब्याची हाडं, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, आणि नळी चिकटवलेली नाकपुडी. लाल जागेवर बोट दाबून सोडा. लाली दाबल्यावर जात नसेल तर ती सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून हातही फिरवा. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते का? रंग गडद झालाय का? तारखेसकट फोटो काढा आणि समरीत कातडीची स्थिती लिहून मागा, अगदी "कुठेही जखम नाही" असली तरी. सेंटरमध्ये पोचल्यावर आईंना पलंगावर निजवण्याआधी हीच तपासणी तिथल्या सिस्टरसोबत पुन्हा करा आणि त्यांची सही घ्या. सही द्यायला खळखळ करणारं सेंटर मी तिथेच सोडेन.

त्या दिवशीची वाट बघणंही सांभाळा. कॅशलेसची अंतिम मंजुरी डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत द्यायची, असं आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं) २०२४ चं परिपत्रक आहे. तरी दिवस जातोच असं धरून चाला. त्या मधल्या वेळेत पेशंट कोणाचाच नसतो. वॉर्डाच्या लेखी गेलेला, सेंटरच्या लेखी आलेला नाही. फीड चुकतं, दुपारची गोळी चुकते, कूस बदलली जात नाही. कागद हातात पडेपर्यंत आईंना व्हीलचेअरमध्ये बसवू देऊ नका. दर दोन तासांनी कूस बदलायला सांगा. फीड दिल्यावर लगेच अँब्युलन्समध्ये घालू नका, तासभर जाऊ द्या, आणि स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू उचललेली ठेवायला लावा.

समरीत हे नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून घ्या: फीड कुठलं, किती मिली, किती तासांनी, वरून पाणी किती. राइल्स ट्यूब कधी घातली आणि नाकपुडीपाशी किती सेंटीमीटरच्या खुणेवर आहे. लघवीची नळी कधी घातली, कुठल्या नंबरची. प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला. वजन. गिळण्याची तपासणी झाली का, कोणी केली. फिजिओथेरपिस्टच्या हातची एक ओळ: आज आई आधाराशिवाय पलंगाच्या कडेला किती वेळ बसतात. ही शेवटची ओळ नसेल, तर सेंटरने काय सुधारणा केली हे महिन्याभराने कोणालाच सांगता येणार नाही.

आता सेंटर. तुम्ही तिन्ही ठिकाणी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात, मॅनेजरने फिरवून दाखवलं. पुन्हा जा, पण रात्री साडेनऊला किंवा रविवारी दुपारी चारला. आत सोडणार नाहीत असं म्हणाले तर कारण विचारा. दाखल झाल्यावर रात्री अचानक आलेलं चालेल का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

मजल्यावर जागी माणसं किती आणि पेशंट किती, ते मोजा. जागी माणसं म्हणजे खरोखर जागी. त्यातल्या शिकलेल्या सिस्टर किती आणि ब्युरोकडून (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलेल्या मावशी-मामा, म्हणजे मदतनीस, किती, ते वेगळं विचारा. नर्सिंगमध्ये जीएनएम तीन वर्षांचा कोर्स असतो, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. मावशींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आंघोळ-डायपर-कूस हे सगळं त्याच ओढतात. पण नळीतून फीड, सक्शन (घशातला कफ मशीनने ओढून काढणं) आणि इंजेक्शन हे सिस्टरचं काम आहे. रात्री सक्शन मावशी करतात असं दिसलं, तर ते नाव यादीतून काढा.

दुसरी तपासणी कूस बदलण्याच्या तक्त्याची. तक्ता पलंगापाशी लटकवलेला असतो. त्यावर शेवटची नोंद बघा आणि पेशंटकडे बघा. तक्त्यात "डावी कूस" आणि माणूस उताणा, असं दोन-तीन पलंगांवर दिसलं की पुढे काही विचारायची गरज नाही. रात्री साडेनऊला अकराची खूण आधीच झालेली असेल, तर त्या सेंटरच्या सगळ्याच कागदांवर मी विश्वास ठेवणार नाही. एअर बेड (पंपाने हवा भरलेली गादी) आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. एअर बेड दाब कमी करतो, संपवत नाही. पंपावर वजनाची सेटिंग असते, ती आईंच्या वजनाला लावलीय का बघा. मग तळवा वर करून हात गादीखाली, त्यांच्या कमरेच्या बरोबर खाली घाला. हाड हाताला जवळजवळ टेकतंय असं वाटलं तर गादीत हवा कमी आहे. टाचा गादीवर टेकू देऊ नका. पोटरीखाली उशी द्या, म्हणजे टाच अधांतरी राहते.

एक फीड उभं राहून बघा, कोणत्याही पेशंटचं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. आधी नळी जागेवर आहे का ते तपासायला हवं. फीड सिरिंजच्या दट्ट्याने भराभर ढकलायचं नाही, उंचीवरून आपोआप उतरू द्यायचं. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. आडव्या माणसाला भराभर फीड दिलं की ते उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो, मग परत आयसीयू. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकलेली हवी. आणि नळी अजून कशासाठी ठेवलीय, कधी काढणार, हे डॉक्टरांना दर आठवड्याला विचारा. पुष्कळदा ती फक्त डायपर वाचवण्यासाठी राहते आणि जंतुसंसर्ग देऊन जाते.

उजवा हात लुळा आहे, म्हणून उचलताना काखेत हात घालून किंवा तो हात ओढून उठवणारे लोक मला बघवत नाहीत. स्ट्रोकनंतर त्या खांद्याचे स्नायू सैल पडतात, सांधा खाली सरकतो, आणि मग दुखण्यामुळे पेशंट व्यायामच करू देत नाही. पलंगावरून खुर्चीत घेताना एकदा बघा. कमरेला पट्टा किंवा कमरेला आधार, आणि खुर्ची चांगल्या बाजूला. हे जमणारा माणूस शिकवलेला असतो.

दिवसा अकरा वाजता निम्मे पेशंट गाढ झोपलेले दिसले, तर रात्री शांततेसाठी झोपेचं औषध देतात का, हे स्पष्ट विचारा. आई दाखल झाल्यावर दर आठवड्याला औषधांच्या तक्त्याचा फोटो घ्या. क्वेटियापिन किंवा लोराझेपामसारखं गुंगी आणणारं नवीन नाव दिसलं, तर कोणी लिहून दिलं आणि कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कारण योग्य असूही शकतं, पण गुंगीतल्या माणसाची फिजिओ होत नाही आणि गिळणंही बिघडतं. नळी ओढतात म्हणून हात बांधतात का, तेही विचारा.

फिजिओबद्दल "रोज होते" हे उत्तर घेऊ नका. कोण करतं? बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेला माणूस आहे का? सलग किती मिनिटं? निजलेल्या माणसाचे हातपाय दहा मिनिटं हलवणं म्हणजे सांधे आखडू नयेत एवढीच सोय. उठून बसणं, उभं राहणं, पाऊल टाकणं यासाठी माझ्या मते निदान ४५ मिनिटं हवीत, आठवड्यातून पाच दिवस, आई थकत असतील तर दोन हप्त्यांत. बार्थेल इंडेक्स म्हणून १०० गुणांची एक सोपी मोजणी असते: खाणं, अंघोळ, संडास, चालणं वगैरे. ती दाखल होताना आणि दर पंधरा दिवसांनी लिहून मागा. वजनही आठवड्याला मागा. महिन्यात पाच टक्के उतरलं तर फीड कमी पडतंय किंवा दुसरं काही बिघडलंय, डॉक्टरांना लगेच कळवा. आणि स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासायला येतो का? न तपासता नळी महिनोन्महिने ठेवणारी सेंटर आहेत, कारण नळीवरचा पेशंट भरवायला सोपा.

पैशांचं थोडक्यात. मेडिक्लेम मिळेल असं सेंटरने तोंडी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. पॉलिसीत "एक्सक्लूजन ०५" शोधा. रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर या नावाखाली, मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी दाखल होणं आणि अंघोळ-कपडे-हालचालीसाठीची शुश्रूषा त्यात वगळलेली असते. शिवाय पॉलिसीच्या लेखी हॉस्पिटल ठरायला कायद्याखालची नोंदणी लागते, ती नसेल तर पुण्यासारख्या शहरात निदान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर-नर्स वगैरे अटी लागतात. कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. सेंटरची महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदणी आहे का, ते भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर वाचा. २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही तिथे लावलेली हवी. तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरायला माझा ठाम विरोध आहे. पंधरा दिवसांचे भरा. डायपर, ग्लोव्ह्ज, अंडरपॅड बाहेरून आणून दिले तर चालतात का, हे आधी ठरवा. बिल याच वस्तूंनी फुगतं.

पुण्यापुरत्या दोन गोष्टी. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज जाते, तेव्हा टाकी किती पुरते आणि सक्शन मशीन, एअर बेड इन्व्हर्टरवर चालतात का, ते विचारा. गणपती-दिवाळीत मावशी-मामा गावी जातात, त्या आठवड्यात माणसं कोण पुरवतं, तेही. आणि आईंच्या चष्म्यावर, कवळीच्या डबीवर नाव लिहून द्या, या वस्तू हमखास हरवतात.

आता तुमचा प्रश्न, तिघांतलं कुठलं? रात्रीची फेरी आणि कुशीचा तक्ता यांत वारजे उतरलं, तर वारजे. खोली बाणेरइतकी चकचकीत नसली तरी चालेल. कोथरूडहून तिथे रोज, वेळ बदलून, कोणीतरी जाऊ शकतं. वाघोलीला आठवड्यातून एकदा जमेल, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या घरच्यांची वेळ सेंटरला पाठ होते. डिस्चार्ज समरीचा मसुदा आदल्या दिवशीच मागा. मिळाला की नाव-पत्ता झाकून इथे टाका, त्यात काय राहिलंय ते बघून सांगते.