सोलापूरच्या नवी पेठेत चादरीचं दुकान टाकतोयस ना, मग आधी हे वाच

भावा, भाडं किती, फर्निचर कसं हे नंतर बघू, आधी सांग, माल किती दिवसात फिरेल? मी चादरी-टॉवेलच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, पहिल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी म्हणून डार्क मरून रंगाच्या चादरी उचलल्या, यात्रा संपली आणि अर्धे गठ्ठे तसेच पडून, घड्यांवर धुळीची रेघ बसली तरी मी भाव उतरवत नव्हतो, आणि तिकडं माल दिलेल्या व्यापाऱ्याचा पैशासाठी रोज फोन.

मोठे पण इथंच अडकतात. सुभिक्षा, ती किराणा-भाजीच्या दुकानांची साखळी, आठवते का? 1997 ला चेन्नईत सुरू झालं, मग उधारीवर देशभर दीड हजाराच्या वर दुकानं काढली आणि 2009 ला रोकड संपल्यावर पगार, भाडं, माल सगळंच थांबलं. गिऱ्हाईक होतं रे, हातात पैसा नव्हता. डीमार्टचं उलटं, 2002 ला पवईत पहिलं दुकान, नंतरही सावकाश वाढले, बहुतेक जागा स्वतःच्या, माल देणाऱ्याला पैसे लवकर म्हणून त्यांना माल स्वस्तात पडतो.

तू डीमार्ट नि ऑनलाईनवाल्यांशी भावात भिडू नको, टिकणार नाहीस. ऑनलाईनला चादर हातात घेऊन बघता येत नाही, तू गिऱ्हाईकासमोर उलगडून दाखव, पॉवरलूमचा (यंत्रमागाचा) माल आहे तर तसंच सांग. आणि उधारीची वही रोज रात्री शटर ओढायच्या आधी बघायची, माझ्यासारखं महिन्याच्या शेवटी नाही. रविवारी दुकानावर ये, माझी वही दाखवतो.