कल काढायची घाई नको

एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, दीर्घकालीन नोंदींवर काम सुरू करतोयस, तर आलेख काढण्याआधी उपकरणाचा इतिहास वाच. हे कण अवकाशातून मोजणारं उपकरण म्हणजे मोडिस. टेरा उपग्रहावरच्या मोडिसच्या नोंदी २००० पासून आहेत, अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या २००२ पासून. दोन्ही एकाच घडणीची. तरी कलेक्शन ५ या नोंदींच्या जुन्या आवृत्तीत जमिनीवरच्या हवेची ऑप्टिकल डेप्थ (कण प्रकाश किती अडवतात त्याचं माप) टेरात वर्षागणिक उतरत गेली, अ‍ॅक्वात नाही! हवा बदलली नव्हती, टेराच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाचं प्रमाणीकरण, सरकलं होतं. कलेक्शन ६ मध्ये ते बरंच सावरलं. म्हणून एका मालिकेत दोन आवृत्त्या कधीच मिसळू नकोस.

डार्क टार्गेट पद्धतीत (गडद पृष्ठभागावरून ऑप्टिकल डेप्थ काढायची रीत) जमिनीवर अपेक्षित चूक साधारण ±(०.०५ + १५ टक्के). म्हणजे वाचन ०.४ असेल, तर ०.११ इकडेतिकडे. सरासरी घेतल्यावर विखुरलेल्या चुका कमी होतात, कॅलिब्रेशनची चूक तशीच राहते.

आणि पुण्याचा जुलै घे. ढगांखालचं मोडिसला दिसतच नाही, त्यामुळे महिन्याची सरासरी मोजक्या उघडिपीच्या दिवसांवर उभी राहते. प्रत्येक सरासरीशेजारी दिवसांच्या संख्येचा रकाना ठेवच. पडताळ्याला एरोनेट या जमिनीवरून एरोसोल मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्यातल्या पुणे आणि कानपूर केंद्रांची जमिनीवरची वाचनं आहेत. पहिला आठवडा त्यांच्यावरच घालव.