फितूर, गद्दार आणि उभयवेतन

कराडहून प्रश्न आला आहे. अवकाशातल्या मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिताना, आपल्याच राजवटीविरुद्ध पण आपल्याच लोकांसाठी हेरगिरी करणाऱ्या पात्राला काय म्हणायचं? 'गद्दार' चालेल का? आणि 'डबल एजंट'ला 'दुहेरी हेर' म्हणतात, ते 'दुहेरी'त 'हेर' आहे म्हणूनच ना?

शेवटचं आधी निकालात काढू. नाही. एकेरी, दुहेरी, तिहेरी ही एकाच साच्यातली भावंडं आहेत. तिहेरी तलाकात तीन हेर नसतात.

आता 'गद्दार'. सभेत गद्दार, स्टेटसला गद्दार, आणि आता परग्रहावरच्या माणसाच्या तोंडीही गद्दारच! अरबी 'गद्र' म्हणजे दिलेला शब्द मोडणं, दगा देणं. त्यात देश कुठेही नाही. ज्याने राजवटीला मनापासून शब्दच दिला नव्हता, त्याला हा शब्द लावायचा कशाच्या जोरावर?

त्यापेक्षा आपल्याकडे 'फितूर' आहे, आणि तो फार गमतीचा आहे. मूळ अरबी 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा, मरगळ, जोर ओसरणं. फारसीतून मराठीत येईपर्यंत त्याचं बंड झालं, बेदिली झाली. आतली गाठ सैल पडली की किल्ला जातो, हा अर्थाचा प्रवास मला तरी अगदी सरळ दिसतो. कोर्टाच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर झाला' म्हणतात, तिथे तर मूळ अर्थ आजही धडधाकट आहे. तो माणूस देश विकत नाही, जबानीत ढिला पडतो. पुढे मराठीने त्याचं क्रियापदही करून टाकलं, फितणं आणि फितवणं. साताऱ्याकडे 'कोण फितवतंय त्याला?' हे शेजाऱ्याच्या पोराबद्दलही विचारतात. लोक मात्र 'फितूर = विश्वासघातकी' एवढंच धरून पुढे जातात.

'जासूद'चीही अशीच परवड. अरबी 'जासूस'च्या मुळाशी 'जस्स' आहे, म्हणजे हाताने चाचपणं, वैद्य नाडी बघतो तसं. मराठी दप्तरांत 'जासूद' बहुतेकदा पत्रं पोचवणारा असतो. जिथे तिथे त्याला गुप्तहेर करणाऱ्यांनी पेशवेकालीन पत्रांतल्या 'जासूदजोड्या' एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. 'हेर'साठी संस्कृतातला 'हेरिक' दाखवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. 'हेरणं' लोकांच्या तोंडी आधी आणि 'हेरिक' मागाहून सोवळं नेसलेला, असा माझा कयास आहे. कौटिल्याचे शब्द वेगळेच आहेत: चार, गूढपुरुष, सत्री.

कौटिल्य निघालाच आहे तर खरा मेवा तिथेच आहे. 'डबल एजंट'ला त्याचा शब्द आहे 'उभयवेतन', म्हणजे दोन्हीकडून पगार खाणारा. 'अर्थशास्त्रा'च्या पहिल्याच अधिकरणात तो राजाला सांगतो, 'गृहीतपुत्रदारांश्च कुर्यादुभयवेतनान्'. बायकापोरं ताब्यात ठेवूनच असे लोक नेमावेत. शत्रूच्या पगारावर शत्रूच्याच कचेरीत बसवलेला माणूस कधी उलटेल याची खात्री नसते, म्हणून हे तारण.

आता 'स्टार वॉर्स'च्या विश्वातली 'अँडोर' ही मालिका बघा. लॉनी साम्राज्याच्या सुरक्षा खात्यात अधिकारी आहे आणि आतून बंडखोरांच्या लूथनला बातम्या पुरवतो. 2022 च्या पहिल्या पर्वात, नुकताच बाप झालेला लॉनी 'आता पुरे' म्हणतो आणि लूथन त्याला सोडत नाही. 2025 च्या दुसऱ्या पर्वात सगळ्यात मोठी बातमी हाती पडल्यावर लूथनच त्याला मारतो. लूथनची बाजू न्यायाची धरली, तरी माणूस वापरायची त्याची रीत थेट अर्थशास्त्रातली आहे. 'दुहेरी हेर' म्हटलं की हे काहीच दिसत नाही. 'उभयवेतन'मध्ये निदान हिशेब उघडा पडतो. लॉनीला बंडखोर काय देतात हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

'स्टार ट्रेक'च्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेत (1998) कॅप्टन सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. डेटा रॉड, म्हणजे माहिती साठवायची कांडी, अस्सल; त्यावरचा मजकूर बनावट. रोम्युलन सिनेटरला ते कळतं, मग सिस्कोचा साथीदार गॅरॅक त्या सिनेटरचं यानच स्फोटाने उडवतो. इथे सिस्कोला हेर म्हणू नका, फितूर तर नाहीच. त्याने केला तो 'कूटलेख', म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि तो शब्द तयार आहे.

हां, मूळ प्रश्न. राजवटीविरुद्ध पण लोकांसाठी झटणाऱ्याचा गुन्हा 'राजद्रोह', 'देशद्रोह' नव्हे. वर्तमानपत्रं हे दोन शब्द बिनदिक्कत अदलाबदल करतात. साताऱ्याने तरी तसं करू नये. 1943 पासून इथे नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार, चाललं, आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा याच जिल्ह्यात होता. इंग्रजांच्या लेखी ती माणसं राजद्रोही. पोलिसांना त्यांची खबर देणारा कायद्याच्या लेखी राजनिष्ठ, पण गावात तोच फितूर, आणि शिक्षा म्हणून त्याच्या तळपायांना पत्री. तेव्हा उपशीर्षकात साम्राज्याचा अधिकारी बोलत असेल तर 'राजद्रोही' लिहा. तेच पात्र बंडखोरांच्या तोंडी 'आपला माणूस' होईल. आणि त्यांच्यातलाच कुणी साम्राज्याला बातमी देऊ लागला, तर तो 'फितला'.