पुस्तकं घेतली की मार्क वाढतात का?

प्रश्न : माझा मुलगा झेडपीच्या शाळेत चौथीला आहे. तोंडी हिशोब पटापट करतो, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर मोजून आणतो, पण पेपरात शाब्दिक उदाहरण आलं की अडतो, "बेरीज करू का वजाबाकी" एवढंच विचारत बसतो. मी दहावी शिकलेय, मिस्टर ट्रक चालवतात, घरात शाळेची पुस्तकं सोडली तर एकही पुस्तक नाही. जाऊबाईंकडे कपाटभर आहेत आणि त्यांची मुलं हुशार आहेत. खरंच पुस्तकांनी मार्क वाढतात का? का आम्ही कमी शिकलेलो म्हणून त्याला जड जातंय? – एक आई, करमाळा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी बोलू, तोच तुम्हाला जास्त लागलेला दिसतोय. 2010 मध्ये 27 देशांतल्या 70 हजारांवर लोकांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास आला होता. लहानपणी ज्यांच्या घरात 500च्या आसपास पुस्तकं होती ते, पुस्तकंच नसलेल्या घरातल्यांपेक्षा सरासरी 3 वर्षं जास्त शिकले, आणि हा फरक आईवडिलांचं शिक्षण, कामधंदा सगळं हिशोबात धरूनसुद्धा राहिला. शिवाय पुस्तकांचा जास्त फायदा कमी शिकलेल्या घरातल्या मुलांनाच झालेला दिसला. म्हणजे तुमच्या दहावीमुळे पोराचं काही अडलेलं नाहीये. फक्त त्यात शिक्षणाची वर्षं मोजलीत, चौथीच्या पेपरातले मार्क नाही, आणि 500 पुस्तकं विकत आणा असाही त्याचा अर्थ नाही. नुसतं कपाट भरून काही होत नाही, घरात कोणीतरी वाचतं आणि वाचलेल्यावर बोलतं, काम त्याने होतं.

आता शाब्दिक उदाहरण. "45 आंब्यांपैकी 18 विकले, उरलेल्यांचे 3 सारखे वाटे केले, तर प्रत्येक वाट्यात किती?" यात गणित अवघड नाहीच, तुमचा मुलगा हे तोंडी करेल. अडतंय ते वाक्यात. "पैकी", "उरलेल्यांचे", "प्रत्येकी", "एकूण" असले शब्द आपण घरात बोलताना तेवढे वापरत नाही, ते छापील मजकुरात जास्त भेटतात, आणि ज्या मुलाला रोज गोष्ट ऐकायची सवय असते त्याच्या कानावरून ते कितीदा तरी गेलेले असतात. म्हणून त्याला लगेच बेरीज-वजाबाकी सांगू नका, उदाहरण मोठ्याने वाचायला लावा, "उरलेल्यांचे म्हणजे कशाचे रे?" एवढंच विचारा आणि थांबा, घाई करू नका. तो 27 म्हणाला की पुढचं तो करतोच.

आणि रात्री झोपताना 15 मिनिटं गोष्ट. तुम्ही वाचा, नाहीतर त्याला वाचू द्या आणि तुम्ही ऐका, अडखळला तर अडखळू दे. मध्येच "आता काय होईल रे?" विचारा, त्याचं उत्तर चुकलं तरी चालतंय. तेवढा वेळ टीव्ही बंद आणि मोठ्यांचे मोबाईलही बाजूला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरातली मोठी माणसं स्क्रोल करत बसलेली असताना मुलाला "वाच" म्हणून सांगितलं तर तो का ऐकेल? मिस्टर गाडीवर असतील तेव्हा त्यांनी फोनवर "आज कुठली गोष्ट झाली" विचारलं तरी मुलाला हुरूप येतो.

पुस्तकं फुकटातही मिळतात. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोबाईलवरच आहेत, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, गावातल्या वाचनालयात बालविभाग आहे का तेही बघा. आणि शाळेत विचाराच. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत वाचनालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत असं लिहिलंय, पण बऱ्याच ठिकाणी ती फाटतील म्हणून पेटीत कुलूप लावून ठेवलेली असतात. सरांना सांगा, आठवड्याला एक पुस्तक घरी द्या. नाहीच दिलं तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, पुढच्या मीटिंगला तुम्ही दोघी-तिघी आया मिळून जा आणि हा विषय लिहून घ्यायला लावा.