१९ चौरस मीटर पुरेल की ३० घ्यावा?

प्रश्न : आदरणीय मॅडम, महाडच्या एमआयडीसीत आमचा सॉल्व्हंट रिकव्हरीचा प्लांट आहे. ताशी १०,००० किलो टोल्युइन (हेच आमचं सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक) ८० अंशांवरून ४५ अंशांवर आणायचं आहे. कूलिंग टॉवरचं पाणी ३२ अंशांना मिळतं, ३८ ला परत जाईल. माझ्या हिशेबाने १९ चौरस मीटरचा शेल अँड ट्यूब एक्स्चेंजर (बाहेर कवच, आत नळ्या; एक द्रव नळ्यांतून, दुसरा त्यांच्या बाहेरून जातो) पुरतो. पण साहेबांनी १० टक्के वाढवले, सल्लागारांनी त्यावर २०, आणि फॅब्रिकेटर (एक्स्चेंजर बनवणारा) म्हणतो आणखी २० टाका. आता हातात ३० चौरस मीटरचं कोटेशन आहे. मोठा घेतलेलाच बरा ना?
– एक प्रोसेस इंजिनिअर, महाड

उत्तर : नाही, मोठा घेऊ नका. तुमचा हिशेब मी ताडून पाहिला. उष्णतेचा भार साधारण १७५ किलोवॅट, दोन्ही द्रवांतला दुरुस्त केलेला सरासरी तापमानफरक २३ अंश आणि तुम्ही धरलेला उष्णतावहनाचा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला ४०० वॅट. भाराला या दोघांच्या गुणाकाराने भागलं की १९ चौरस मीटर येतात. सॉल्व्हंट आणि पाणी या जोडीला हा गुणांक रास्त आहे. शिवाय नळ्यांत क्षार बसणार याची तजवीज त्यातच केलेली असते. म्हणजे साहेबांनी हात लावण्याआधीच एक मार्जिन आत होतं. त्यावर १.१, १.२ आणि पुन्हा १.२ असा गुणाकार झाला, म्हणजे जवळजवळ १.६ पट. काळजी प्रत्येकानेच घेतली, पण एकूण बेरीज कुणीच पाहिली नाही.

आता नळीच्या आत काय होतं ते बघा. पाऊण इंची, ३ मीटर लांब नळ्या आणि पाण्याचे चार पास (म्हणजे नळ्यांतून चार फेऱ्या) धरले, तर १९ चौरस मीटरला सुमारे १०८ नळ्या लागतात. एका पासला २७. ताशी २५ घनमीटर पाणी त्यातून सेकंदाला दीड मीटर वेगाने जातं. ३० चौरस मीटरला १६८ नळ्या होतात आणि तेच पाणी सेकंदाला एक मीटरच्याही खाली येतं. या वेगाला गाळ बसायला लागतो. त्यात एक्स्चेंजर गरजेपेक्षा मोठा असला की टोल्युइन ४५ च्या खाली जातं, मग ऑपरेटर पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतो. थंडीत तर हमखास. पाणी आणखी मंदावतं, जास्त तापून बाहेर पडतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट तर गरम पाण्यात कमी विरघळतं. स्केलिंगच्या (क्षारांचा थर बसण्याच्या) भीतीने घेतलेलं क्षेत्रफळच स्केलिंग वाढवतं. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण असा एक्स्चेंजर वर्षभरात कमी पडला की पुढच्या वेळी लोक त्याहून मोठा मागवतात.

पैशाचं म्हणाल, तर अंदाजपत्रकासाठी किंमत क्षेत्रफळाच्या ०.६ घाताने वाढते असं धरायची पद्धत आहे. ५८ टक्के जास्त क्षेत्रफळाला साधारण ३० टक्के जास्त किंमत. म्हणूनच मोठा सौदा स्वस्त वाटतो. दीड मीटरच्या वेगाला पंपावर जास्त भार येतो हे खरं, पण माझ्या अंदाजाने या नळ्यांतल्या दाबघटीसाठी एकूण अर्धा किलोवॅटच्या आसपास लागेल. त्यासाठी नळ्या तुंबवून घेऊ नका.

खरी बचत नळीच्या लांबीत आहे. ३ ऐवजी ६ मीटरच्या नळ्या घेतल्या तर ५४ च लागतात. दोन पासांत वेग तोच, दीड मीटर. शेलचा व्यास कमी, आणि दोन्ही ट्यूबशीट (नळ्यांची टोकं ज्यांत बसवतात त्या जाड चकत्या) मिळून २१६ ऐवजी १०८ भोकं. ड्रिलिंग आणि एक्स्पान्शनची (नळी भोकात फुगवून घट्ट बसवण्याची) मजुरी तिथेच निम्मी होते. टोल्युइन स्वच्छ असेल तर ते शेलमध्ये ठेवा, पाणी नळ्यांत. मग फिक्स्ड ट्यूबशीट चालतं, फ्लोटिंग हेडचा (सरकू शकणाऱ्या टोकाचा) खर्च वाचतो. फक्त शेल गरम आणि नळ्या गार, त्यामुळे प्रसरणातल्या फरकाने बेलोज (शेलवरचा लवचीक, घडीदार जोड) लागतो का, हे फॅब्रिकेटरकडून लेखी घ्या.

चौकशीपत्रात दर चौरस मीटरला किती असं विचारू नका. नळ्या, ट्यूबशीट, शेल, मशिनिंग, हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), असे वेगवेगळे आकडे मागा. आणि ६ मीटरची नळी ठरवण्याआधी जागा मोजा : चॅनल कव्हर (टोकाचं झाकण) काढून सफाईचा रॉड आत घालायला समोर तितकीच मोकळी जागा हवी. तिथे भिंत किंवा पाइपरॅक असेल तर ३ मीटर आणि चार पास हेच ठेवा.