बोर्ड कापायच्या आधी फिन बदलून बघा

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळचा रत्नागिरीचा, आता सिडनीत असतो. दीड वर्ष झालं सर्फिंग शिकतोय आणि नुकताच एक सेकंडहँड सहा फुटी बोर्ड घेतलाय, तीन फिनवाला (फिन म्हणजे बोर्डाखाली मागे लागणारं पातं), प्रत्येक फिनसाठी दोन-दोन गोल प्लग, म्हणजे फिन अडकवायच्या खोबणी, आहेत म्हणजे जुनं एफसीएस, त्या कंपनीची फिन बसवायची पद्धत. मित्राने फ्यूचर्स ह्या दुसऱ्या कंपनीच्या फिन्सचा सेट दिलाय पण तो ह्यात बसत नाही. जुने प्लग काढून फ्यूचर्सचे बॉक्स घरी बसवता येतील का? आणि प्लगमधला, फिन घट्ट धरणारा एक स्क्रू गंजून अडकलाय, त्याचं काय करू?

उत्तर : नमस्कार! बसवता येतात, लोक बसवतातही, पण मी म्हणेन आधी थांबा. फिन्स फुकट मिळाल्या म्हणून चांगला बोर्ड कापायचा हे मला पटत नाही. तुमच्या प्लगला बसणाऱ्या दोन दांड्याच्या, स्क्रूच्या फिन्स अजून मिळतात, सेकंडहँड तर स्वस्तात मिळतात. मित्राचा सेट परत द्या नाहीतर कुणाशी अदलाबदल करा. फक्त एक बघा, २०१३ साली आलेल्या एफसीएस टू च्या, हाताने दाबून बसवायच्या फिन्स चुकून घेऊ नका, त्या जुन्या प्लगमध्ये जात नाहीत. उलटं मात्र चालतं, जुनी फिन नव्या एफसीएस टू बॉक्समध्ये छोटा तुकडा आणि स्क्रू लावून बसते.

आता बदलायचंच कधी, तर प्लग हलत असेल, भोवती चीर गेली असेल, आत पाणी जात असेल तेव्हा. हे तपासायला बोर्ड थंड खोलीतून बाहेर काढून पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि प्लगभोवती साबणाचं पाणी लावा, आतली हवा गरम होऊन फुगते आणि चीर असेल तर बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे आले तर दुरुस्ती करायचीच आहे, मग त्या जागी फ्यूचर्स बसवणं योग्य.

पण त्याआधी जुन्या फिन्स प्लगमध्ये लावून बोर्डावर मास्किंग टेप चिकटवा आणि पेन्सिलीने फिनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची खूण करा, शेपटीपासूनचं अंतर लिहून ठेवा. माप फिनचं घ्यायचं हो, बॉक्सचं नाही, कारण दोन्ही कंपन्यांच्या फिन बॉक्सवर वेगळ्या बसतात, आणि बॉक्स मोजून लावलात तर फिन पुढे-मागे सरकते आणि बोर्डाचं वळणं बदलतं. बाजूच्या दोन्ही फिन्स नाकाकडे, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, थोड्या आत वळलेल्या असतात, साधारण ६ मिमी, आणि बाहेरच्या बाजूला कललेल्याही असतात. एक बाजू जरा जरी चुकली तरी बोर्ड एका बाजूला ओढतो. सायमन अँडरसन ह्या सर्फरने तीन फिनचा बोर्ड, थ्रस्टर, तुमच्याच सिडनीत बनवला आणि १९८१ मध्ये त्यावर बेल्स आणि पाइपलाइन ह्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि ती जादू फिन्सच्या या मांडणीचीच, म्हणून मापाला एवढं महत्त्व देतेय.

बऱ्याचदा नवा लांब बॉक्स जुन्या प्लगांच्या जागेवरच येतो, म्हणजे ते राउटरने (खाचा कोरायच्या मशीनने) कापून काढावे लागतात, एका दमात नाही, थोडं थोडं खोल जात, आणि ठरलेल्यापेक्षा खोल जाऊ न देणारा स्टॉपर लावूनच. शेपटी पातळ असेल तर वरच्या बाजूला भोक पडायची भीती असते. राउटर नीट फिरवायचा कंपनीचा साचा भाड्याने किंवा कुणाकडून मिळाला तरच हात लावा. मास्क न घालता घासू नका, फायबरची धूळ फुफ्फुसात जाते.

आणि रेझिन, म्हणजे बॉक्स चिकटवायचं, वाळून कडक होणारं द्रव! तुमचा बोर्ड आतून पांढऱ्या थर्माकोलसारख्या ईपीएस फोमचा असेल तर पॉलिएस्टर रेझिन अजिबात नको, ते फोम खातं. मी एका मुलाचा बोर्ड स्वतः बघितलाय, बॉक्सच्या खाली मुठीएवढा खड्डा पडला होता, वरून सगळं गुळगुळीत. इपॉक्सी रेझिन ईपीएस आणि नेहमीचा पीयू (पॉलियुरेथेन) अशा दोन्ही फोमला चालतं, म्हणून खात्री नसेल तर इपॉक्सीच. त्यात बारीक फायबर मिसळून बॉक्स बसवा, बॉक्सच्या खाचेत रेझिन जाऊ नये म्हणून टेप लावा, वाळल्यावर वरून फायबरग्लासचा एक थर द्या, घासा. हे सगळं वाचून हात थरथरत असतील तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. पहिल्यांदाच करत असाल तर मी तरी तेच सुचवेन.

आता अडकलेला स्क्रू. झिजलेली अॅलन की (सहा कोनी टोकाची किल्ली) फेकून द्या, ३/३२ इंचाची नवीन घ्या, टोकाच्या कडा झिजलेल्या असतील तर स्क्रूची खाच गोल होते आणि मग तो निघतच नाही. खाचेतली वाळू-मीठ सुईने काढा, गरम गोड्या पाण्याने धुवा, व्हिनेगरचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी की पूर्ण आत खोचून आधी किंचित घट्ट करा, मग उलटा फिरवा. आला की सहाच्या सहा स्क्रू नवे स्टेनलेसचे टाका, आणि प्रत्येक वेळी समुद्रातून आल्यावर ती जागा गोड्या पाण्याने धुवा.