वाचक विचारतात : इशिगुरोंचा निवेदक कुठे पकडायचा?

प्रश्न : काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ वाचली. बटलर स्टीव्हन्स गाडी घेऊन निघतो आणि जुन्या आठवणी काढत बसतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणतात, पण ते ओळखायचं कसं?

उत्तर : स्टीव्हन्स थापा मारत नाही, सारवासारव करतो. कुठे सारवलंय ते पुस्तकातच दिसतं. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हातात घ्या.

पहिली खूण त्याच घरातली हाउसकीपर मिस केंटन हिच्या बंद दारापाशी. आत ती रडत असणार अशी खात्री पटून आपण बाहेर उभे होतो, हे स्टीव्हन्सला पक्कं आठवतं. सुरुवातीला तो हा प्रसंग तिची मावशी गेली त्या दिवसाला जोडतो. बऱ्याच पानांनंतर स्वतःच दुरुस्ती करतो : तो दिवस नव्हे, मालक लॉर्ड डार्लिंग्टनकडे गुप्त बैठक चालू होती ती रात्र. त्याच संध्याकाळी तिने दुसऱ्या एकाशी लग्नाला होकार दिल्याचं त्याला सांगितलेलं असतं. दार तेच, रडणंही तेच. पण तारीख सरकली की रडण्याचं कारण मावशीवरून त्याच्या स्वतःवर येतं.

दुसरी खूण डार्लिंग्टनच्या घरी भरलेल्या 1923च्या परिषदेत. वरच्या मजल्यावर वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि हा पाहुण्यांना मद्य देत फिरतोय. आपल्या डोळ्यांत पाणी आलं असं तो कुठेही लिहीत नाही. मालक विचारतात, तू रडतोयस की काय? तेव्हा आपल्याला कळतं. निवेदक स्वतःबद्दल गप्प झाला की समोरच्याचे संवाद बारकाईने वाचायचे, ही युक्ती इशिगुरोंच्या बहुतेक पुस्तकांत लागू पडते.

तिसरी खूण अगदी साधी, तरी हमखास निसटते : प्रकरणांची शीर्षकं. जुलै 1956चा हा प्रवास दिवसवार लिहिलाय. चौथ्या दिवशी दुपारी मिस केंटनच्या भेटीची वाट पाहत तो लिहितो. त्यानंतर थेट सहाव्या दिवसाची संध्याकाळ. पाचव्या दिवसाची नोंदच नाही! भेटीत काय झालं ते दोन दिवसांनी, वेमथच्या समुद्रकाठच्या धक्क्यावर बसल्यावर कळतं, आणि काळीज तुटल्याची कबुली तो तिथेच देतो. घाईत वाचणारे शीर्षक ओलांडून पुढे जातात आणि मग ‘शेवट अचानक हळवा झाला’ अशी तक्रार करतात.

प्रश्न : ‘नेव्हर लेट मी गो’मधल्या, क्लोन करून वाढवलेल्या मुलांना आपले अवयव काढले जाणार हे माहीत असतं. मग निरागसपणा हरवतो कधी? आणि ती पळून का जात नाहीत?

उत्तर : तो एका दिवशी हरवत नाही, हीच इशिगुरोंची करामत. हेल्शम शाळेत प्रत्येक गोष्ट मुलांना कळण्याच्या वयाच्या थोडी आधी सांगितली जाते. समज येते तोवर ती जुनी झालेली असते, धक्का बसतच नाही. हा तर्क पुस्तकात त्या मुलांपैकीच एक, टॉमी, मांडतो. पळण्याबद्दलचं उत्तरही त्यातच आहे : पळून जायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

कॅसेटचा प्रसंग दोनदा वाचा. निवेदिका कॅथी, तेव्हा लहानगी, उशीला बाळ समजून, छातीशी धरून गाण्यावर डुलतेय. शाळेत अधूनमधून येणारी मादाम दारात उभी राहून रडतेय. या क्लोन मुलीला कधी मूल होणार नाही या दुःखाने मादाम रडली, अशी कॅथीची समजूत. कित्येक वर्षांनी मादाम सांगते की तिला वेगळंच दिसलं होतं : जुनं, मायाळू जग घट्ट धरून ठेवणारी मुलगी. मादामचं म्हणणं खरं मानून कॅथीचं खोडून टाकू नका. उशीतलं बाळही तितकंच खरं आहे.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी? त्यांना जपानी लेखक मानायचं का?

उत्तर : आधी 1989चं बुकर मिळालेलं ‘रिमेन्स’, मग 2005चं ‘नेव्हर लेट मी गो’, नंतर 1982ची पहिली कादंबरी ‘अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स’. हिच्या शेवटाकडे निवेदिका एत्सुको दुसऱ्या बाईच्या मुलीची सहल आठवता आठवता स्वतःच्या गेलेल्या मुलीचं, केकोचं, नाव घेऊन जाते. डुलकी लागली तर ते वाक्य हुकेल. ‘द अनकन्सोल्ड’ (1995) शेवटी ठेवा. स्वप्नासारखी चालते आणि जाडजूड आहे.

1954 साली नागासाकीत जन्म, पाचव्या वर्षी इंग्लंड. सुरुवातीच्या दोन कादंबऱ्यांतलं जपान त्यांनी मनातल्या मनात जपलेलं आहे. नागासाकीचा नकाशा शेजारी घेऊन त्या वाचायला बसू नका.